खालच्या खोलीतला नट

एप्रिल अर्धा सरला की म्युनिकजवळच्या आमच्या उंटरश्लाइसहाइमच्या स्टेशनाबाहेर स्ट्रॉबेरीच्या आकाराची एक लाल टपरी येऊन उभी राहते. स्ट्रॉबेरी पिकायला तेव्हा अवकाश असतो. आधी मान श्पार्गलचा, म्हणजे पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचा. अंगठ्याएवढ्या जाडीचे पांढरे कोंब, मातीच्या ढिगाखाली उजेड न बघता वाढलेले. टपरीतली बाई ते ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते. फडकं उचललं की थंड, कच्च्या मातीचा वास येतो. या वासानं इथली माणसं वेडी होतात. एरवी शिस्तीत रांग लावणारे आजोबा दोन माणसांपलीकडून हात घालून जुडी उचलतात.

यंदा त्या टपरीच्या मागे, बसथांब्याच्या काचेत, एका सिनेमाचं पोस्टर लागलं होतं. पावसाळी डोंगर, मेंढ्या, आणि पुढे एक तरुण, कॉलर वर केलेला, नाक किंचित लाल. त्या लाल नाकावरूनच मी त्याला ओळखलं. "अगं बाई, विल्फ!" मी मोठ्यांदा म्हणाले. टपरीतल्या बाईला वाटलं मला अर्धा किलो हवाय.

तीन वर्षांपूर्वीचा श्पार्गलचा हंगाम विल्फनं आमच्या घरात काढला. आमच्या घराला खाली स्वतंत्र दाराची एक खोली आहे, अर्धी जमिनीत आणि अर्धी वर. तिच्या खिडकीतून बाहेर पाहिलं की गवत डोळ्यांच्या पातळीवर दिसतं. ती आम्ही भाड्यानं देतो. बहुतेक वेळा कुणी पुण्याहून नोकरीला आलेला मुलगा असतो. बायको-मुलं येईपर्यंत राहतो, मग मोठं घर शोधतो. त्या वर्षी मात्र माझी मुलगी ईरा शाळेतून आली आणि म्हणाली की आज आमच्या टुर्नहालेत, म्हणजे शाळेच्या व्यायामशाळेत, एक इंग्लिश नाटक झालं, त्यांचा दौरा संपलाय आणि त्यातल्या एका नटाला खोली हवी आहे. हे सगळं ती जर्मनमध्ये म्हणाली. माझ्याशी ती जर्मनमध्येच बोलते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं छान चालतं.

"नट?" नितीन म्हणाला. नितीन म्हणजे माझा नवरा. सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि अनिश्चित उत्पन्नाच्या माणसाबद्दल त्याला मनापासून काळजी वाटते. "भाडं कसं देणार तो?"

दुसऱ्या दिवशी नट स्वतःच आला. चोवीस-पंचवीसचा, उंच, खांदे जरा पुढे झुकलेले, हातात स्लीपिंग बॅग. दारात उभा राहून त्यानं इतक्या जोरात शिंका दिल्या की शेजारच्या बागेतला कुत्रा भुंकायला लागला. बर्चच्या झाडांचे पराग. इथे वसंतात अर्ध्या गावाला त्यांचा त्रास होतो, त्याला जरा जास्तच होता. "हे माझं स्वागतगीत," तो म्हणाला, आणि नितीननं किल्ली देऊन टाकली.

त्याची हकिकत आम्हाला तुकड्यातुकड्यानं, स्वयंपाकघरात चहा पिताना कळली. इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रकाठी एक छोटं गाव, मासेमारी आता जवळजवळ संपलेली. वडील बस चालवायचे, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. घरात नाटकाचा वारासुद्धा नव्हता. एका पावसाळी शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये फुकट बिस्किटं मिळतात म्हणून हा मित्राबरोबर गेला. तिथे मुलांचं नाटक बसवणाऱ्या एका बाईंनी त्याला सांगितलं, "तू दारातून आत ये आणि तुला कुणीतरी मेल्याचं कळलंय असं समज." हा दारातून आत आला. बाईंनी नुसतं पुन्हा करायला सांगितलं. "त्या दिवशी बिस्किटं खायचीच राहिली," विल्फ म्हणाला.

मग शिष्यवृत्तीवर लंडनच्या नाट्यशाळेत तीन वर्षं. तिथे त्याचे गावठी उच्चार घासूनपुसून काढले. मग पहिली नोकरी, तीच जी ईरानं पाहिली: चार नट, एक व्हॅन, आणि जर्मनीभरच्या शाळांमध्ये सोप्या इंग्रजीतलं नाटक. सामान स्वतः उतरवायचं, पडदा स्वतः बांधायचा, टोप्या बदलून पाच-पाच भूमिका करायच्या. कायझर्सलाउटर्नला सकाळी, नेकारसुल्मला दुपारी. समोर बसायला भाग पाडलेली, च्युइंगगम चघळणारी मुलं. ईराच्या शाळेत ऐन मध्यात स्पीकर बंद पडला होता. बाकीचे नट ओरडून बोलायला लागले. विल्फ कुजबुजायला लागला. ईरा सांगत होती की पूर्ण टुर्नहाले पुढे वाकली, मागच्या बाकावरची मुलंसुद्धा, आणि सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

असा मुलगा त्या वसंतात नाटक सोडायच्या बेतात होता.

त्याचं कारण एक सिनेमा. आदल्या वर्षी त्याला पहिली भूमिका मिळाली होती, छोटी पण चांगली, एका मेजवानीच्या प्रसंगात दोन पानांचे संवाद. आईनं गल्लीभर सांगितलं. सिनेमा लागला तेव्हा शेजारच्या बायकांना घेऊन ती पहिल्या दिवशी गेली, केस सेट करून. संवाद सगळे कापले होते. टेबलाशी बसलेलं एक पाठमोरं डोकं तेवढं उरलं होतं. "आईनं मला फोन करून सांगितलं, तुझे केस मागून फार छान दिसत होते," विल्फ म्हणाला. हे सांगताना तो हसला. मग कपबशी उचलून धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. त्यानंतर तो घरी गेलाच नव्हता. काका गावात गाड्यांचे टायर बदलतात, त्यांनी जागा धरून ठेवली होती. अजून एका सिनेमाची निवडचाचणी म्युनिकच्या एका स्टुडिओत मेअखेर होती. ती झाली की संपलं, असं त्यानं ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात बाबा आले. बाबा म्हणजे माझे सासरे, सांगलीच्या एका मराठी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेले. आदल्या नोव्हेंबरात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. आजार अचानक वाढला. नितीन मला घेऊन मिळेल त्या विमानानं निघाला, मध्ये धुक्यामुळे एक विमान चुकलं, आणि तो पोचला तेव्हा स्मशानातून माणसं परतली होती. दारात बादलीतलं पाणी पायांवर घेताना त्यानं वडिलांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "प्रवास बरा झाला ना?" त्या विषयावर दोघांत तेवढंच बोलणं झालं. मी तिथे होते, म्हणून मला माहीत.

बाबांना आम्ही हवापालट म्हणून आणलं. ते सकाळी बाल्कनीत खुर्ची घेऊन बसत, संध्याकाळी उठत. जेवा म्हटलं की दोन घास खात. मी श्पार्गल आणला तेव्हा पहिल्यांदा त्यांनी एक कोंब हातात घेऊन फिरवून पाहिला. "शेवग्याच्या शेंगेची गोरी बहीण दिसते," म्हणाले. मग सोलायची सुरी मागितली. श्पार्गल सोलणं हे किचकट काम. वरून खाली, एका लांब पट्टीत साल निघाली पाहिजे. रोज सकाळी ते सोलायचे आणि मी कधी लोण्यात परतायचे, कधी दाण्याचं कूट घालून भाजी करायचे. दाण्याचं कूट घातलेला श्पार्गल पाहिला तर इथली माणसं माझा व्हिसा रद्द करतील.

बाल्कनीच्या बरोबर खाली विल्फचं दार. एका सकाळी तो बाहेर येऊन शिंकला आणि वर बघून काहीतरी बोलला. बाबा उठून उभे राहिले, कठड्यावर हात ठेवून वाकले आणि स्वच्छ शब्दांत म्हणाले, "आय बेग युवर पार्डन?"

विल्फनं पुन्हा सांगितलं. बाबा माझ्याकडे वळले. "मुक्ता, हा कुठल्या भाषेत बोलतोय?"

"इंग्रजीत, बाबा. तो इंग्लंडचाच आहे."

"शक्य नाही," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं कर्मणी प्रयोग शिकवलेल्या माणसाचा त्या सकाळी आपल्या देवावरचा विश्वास डळमळला. मग विल्फनं नाट्यशाळेतले उच्चार काढले, गोल, मऊ, रेडिओवरच्या बातम्यांसारखे, आणि बाबांचा चेहरा उजळला. नाव विचारलं. विल्फ. बाबांनी ते दोनदा तोंडात घोळवलं. "हे काही नाव नव्हे. मी विलास म्हणतो." तेव्हापासून तो विलास झाला, आणि हाक मारली की ओ द्यायला लागला.

निवडचाचणीसाठी त्याला एक प्रसंग पाठवला होता. बरीच वर्षं बाहेर राहिलेला मुलगा डोंगरातल्या मेंढपाळाच्या घरी परत येतो. आई गेलेली आहे. बाप शेकोटीशी बसलेला आहे. दोघांचं बोलणं, एवढंच. सरावासाठी बापाचे संवाद वाचणारं कुणीतरी हवं होतं. त्यानं आधी मला विचारलं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. ईरा शाळेत. उरले बाबा.

मी धास्तावले होते. असला प्रसंग, आणि बाबांनी वाचायचा! पण त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचायला सुरुवात केली, स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला श्वास घेऊन. पलीकडे विल्फ आपल्या मऊ, घोटीव उच्चारांत उत्तरं द्यायचा. रोज सकाळी बाल्कनीत हे चालायचं. खालून कापलेल्या गवताचा वास, मधे सालींचं घमेलं, आणि दोघं मिळून सोलता सोलता त्या मेलेल्या बाईबद्दल इंग्रजीत बोलायचे. बाबा आता चार घास जास्त खात होते. 

एक दिवस बाबांनी कागद खाली ठेवला. "विलास, तू तुझ्या वडिलांशी असा बोलतोस?"

"म्हणजे कसा?"

"परीक्षकाशी बोलल्यासारखा."

विल्फनं हातातली सुरी खाली ठेवली. मग त्यानं तेच वाक्य आपल्या गावच्या बोलीत म्हटलं, अर्धे शब्द गिळून, घशातल्या घशात. बाबांना त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. ते मान हलवत म्हणाले, "हां. आता तू घरी आलास."

त्या दिवसापासून सराव तसाच झाला. ईरा शनिवारी दाराशी बसून ऐकायची आणि मला म्हणायची, "ओपा फेरश्टेट गार निष्ट्स," आजोबांना काही म्हणजे काही कळत नाहीये. मी म्हणायचे, कळतंय.

चाचणीला आठवडा राहिला आणि विल्फचा घसा बसला. परागांनी डाव साधला होता. नाक वाहतंय, डोळे सुजलेत, आवाजाच्या जागी नुसती फुंकर. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. मी आलं, हळद, काळी मिरी घालून काढा दिला. तो प्यायल्यावर त्याचा चेहरा असा झाला की शिष्यवृत्ती उगाच मिळाली नव्हती हे मला पटलं. रविवारी सकाळी तो पाटीवर लिहून विचारू लागला, की मी बोलू शकत नाही तर निदान ऐकतो. मुलाचे संवाद कुणी वाचेल का? ईरानं हात वर केला. विल्फनं नकारार्थी मान हलवली आणि नितीनकडे बोट दाखवलं.

त्यानं हे मुद्दाम केलं का? मी पुढे त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, नाही, मला पुरुषाचा आवाज हवा होता, बस. मला ते खरंही वाटतं आणि खोटंही.

नितीन हातातला कपडे वाळत घालायचा चिमटा तसाच घेऊन बसला. प्रोजेक्टचा अहवाल वाचावा तसं वाचू लागला. "रस्ते खराब होते." बाबा म्हणाले, "खराबच असतात." अशी दहाबारा वाक्यं गेली. मग बापाचं ते मोठं वाक्य आलं: ती तुझी वाट बघत होती असं मी म्हणणार नाही, ती शांत झोपेत गेली. बाबांनी ते इंग्रजीत अर्ध्यापर्यंत वाचलं आणि थांबले. तिथे स्वल्पविराम नव्हता.

"नाही," ते मराठीत म्हणाले. "हे चूक आहे. ती वाट बघत होती."

खालच्या रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. नितीननं कागद दुमडला, पुन्हा दुमडला. "मशीन थांबलं असेल," म्हणाला आणि तळघरात कपडे आणायला गेला. मशीन लावलेलंच नव्हतं. बाबा श्पार्गल सोलत राहिले. विल्फला मराठी कळत नाही, पण त्याला सगळं कळलं होतं. तो उठला, बाबांच्या शेजारी जमिनीवर बसला, आणि दुसरी सुरी घेतली.

चाचणीला तो गेला तेव्हा आवाज पुरता सुटला नव्हता. खरखरीत, अर्धा, गावच्या बोलीतला. त्यानं तोच वापरला. टायरच्या दुकानात जायचं तिकीट त्यानं आधीच काढून ठेवलं होतं. फोन आला तेव्हा तो आमच्या दारात स्लीपिंग बॅग गुंडाळत होता. ऐकून घेतलं, "या, या, गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी, एवढंच बोलला, आमच्याकडून उचललेलं जर्मन, आणि मग पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. बाबांनी वरून विचारलं, "काय झालं विलासला?" मी म्हटलं, "पास झाला, बाबा." बाबांनी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर त्याच्या तळहातावर आणून दिली.

जूनच्या अखेरीला इथे श्पार्गल काढणं थांबवतात. पुढच्या वर्षासाठी मुळांना विसावा मिळावा म्हणून उरलेले कोंब तसेच वाढू देतात. शेतभर हिरवी, पिसासारखी झुडपं होतात. ती झुडपं दिसू लागली आणि बाबा सांगलीला परत गेले. विल्फ डोंगरात चित्रीकरणाला गेला. पण त्याआधी घरी गेला, आईकडे. तिला त्यानं सांगितलं की या वेळी आधी मी सिनेमा बघून सांगेन, मगच शेजारणींना ने. त्या सिनेमानंतर त्याला आणखी कामं मिळाली. दोन वर्षं त्यानं लंडनच्या एका छोट्या रंगमंचावर काढली, कारण त्याला समोर श्वास घेणारी माणसं लागतात. मधूनमधून तो बाबांना फोन करतो. दोघं काय बोलतात आणि कुठल्या इंग्रजीत, ते त्यांनाच ठाऊक.

तर तीन वर्षांनी, यंदा, तो सिनेमा अखेर इथे लागला, ते पोस्टर दिसलं, आणि एका रविवारी दुपारी आम्ही तिघं सिनेमाला गेलो. तिकिटं ईरानं काढली होती. दिवे मालवले, डोंगर दिसले, मेंढ्या आल्या, विल्फ दारातून आत आला, त्यानं तोंड उघडलं, आणि जर्मन बोलायला लागला. इथे परदेशी सिनेमांना जर्मन आवाज देतात, हे इतक्या वर्षांनी मी विसरलेच होते! कुणा अनोळखी माणसाचा खणखणीत, सुरेल आवाज विल्फच्या ओठांवर चिकटवलेला. ज्या आवाजासाठी बाल्कनीत महिनाभर मेहनत झाली, तो औषधालाही नव्हता. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ईरा तर तोंड दाबून खिदळत होती.

मग शेकोटीचा प्रसंग आला. बाप बोलला. आता मुलानं उत्तर द्यायचं. विल्फ बोलला नाही. त्यानं हातातला कागद दुमडला, पुन्हा दुमडला, अंगठ्याच्या नखानं घडी दाबली, आणि कुठलंतरी काम आठवल्यासारखा दाराकडे पाहत उठला. नितीन असाच उठतो. लग्नाला अठरा वर्षं झाली, मला ती पाठ अंधारात ओळखता येते. त्या उठण्याला आवाजाची गरज नव्हती, जर्मन किंवा दुसऱ्या कुठल्याही.

शेजारी नितीन हललासुद्धा नाही. मग हळूच म्हणाला, "हा मी आहे." आणि उठून बाहेर गेला.

बराच वेळ तो परतला नाही, तेव्हा मी ईराला घेऊन बाहेर आले. पॉपकॉर्नच्या काउंटरजवळच्या बाकावर तो फोन कानाला लावून बसला होता. बोलत नव्हता, ऐकत होता. सांगलीत दिवेलागण झाली असेल. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो. फोनमधून बाबांचा आवाज येत होता, स्वल्पविरामाला थांबणारा.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "मी विचारलं, आई शेवटी काय म्हणत होती." त्याचे डोळे ओले होते आणि तो हसत होता. "म्हणत होती, नित्या आला की कुणी त्याच्याशी लगेच बोलायला जाऊ नका. आधी आंघोळीला पाठवा. प्रवासातून आला की तो फार चिडका असतो."

ईरानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. आत सिनेमा चालू होता. भिंतीतून संगीत ऐकू येत होतं. आम्ही तिघंही परत आत गेलो नाही. घरी येताना टपरीवरून एक जुडी घेतली.

दुसऱ्या दिवशी विल्फचा फोन आला. आवाज त्याचा स्वतःचा, गावचा. "कसा वाटला? शेवट कसा वाटला?"

मी खरं ते सांगितलं, की शेवट आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही, आणि का पाहिला नाही तेही. 

"शेवट काही विशेष नाहीये," मग तो म्हणाला. "मी फक्त मेंढ्या आत घेतो आणि दार लावतो."